वसमतच्या हळदीचा भाव आणि एक न सापडणारी फाईल

सी भाषेत पहिल्यांदा दुसऱ्या कुणाची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वापरायला घेतली, की एक ओळ हमखास आडवी येते. आधी 'फेटल एरर', मग डॉट एच असं शेपूट असलेलं एका फाईलचं नाव, मग 'नो सच फाईल ऑर डिरेक्टरी', आणि खाली 'कम्पायलेशन टर्मिनेटेड'. परभणीत रविवारी माझ्याकडे जी मुलं-मुली लॅपटॉप घेऊन येतात, कुणी गंगाखेडहून, कुणी पूर्णेहून, कुणी जिंतूरहून, त्यांतली कित्येक जण या ओळीपाशी अडलेली असतात. अडण्याचं मला काही वाटत नाही, त्याशिवाय हा धंदा शिकताच येत नाही. वाईट याचं वाटतं, की ती ओळ जेवढं बोलते त्याच्या दसपट ही मुलं ऐकतात. आपल्या लॅपटॉपवर हे चालत नाही. आपली लिनक्स चुकीची बसली. हे काम पुण्याच्या पोरांचं आहे. यातलं एक अक्षरही कम्पायलर, म्हणजे आपला कोड मशीनच्या भाषेत आणणारा प्रोग्राम, बोललेला नसतो. त्याचं म्हणणं इतकंच, की मला ज्या जागा ठरवून दिल्या आहेत त्या सगळ्या मी पाहिल्या आणि या नावाची फाईल तिथं मिळाली नाही.

त्याला कुठल्या जागा ठरवून दिल्या आहेत, हे कुणी विचारतच नाही. आणि मला वाटतं, पहिला तास या प्रश्नावर गेला पाहिजे.

ही डॉट एच शेपटाची फाईल म्हणजे हेडर फाईल; ती काय असते, हे आमच्याकडे पहिल्या सत्रात एका वाक्यात उरकतात: 'वरती लिहायची असते'. मुलं वर्षभर लिहितात. पण ती साधी वाचता येणारी फाईल आहे, तिच्यात फंक्शनांची नावं, ती काय घेतात आणि काय परत देतात एवढंच असतं आणि प्रत्यक्ष काम करणारा कोड भलतीकडेच असतो, हे बहुतेकांनी कधी पाहिलेलं नसतं. कम्पायलरच्या आधी प्रीप्रोसेसर धावतो आणि हॅश इन्क्लूडच्या जागी त्या फाईलचा मजकूर जसाच्या तसा आणून ठेवतो. बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी सी घडवली, तेव्हा सुरुवातीला ही सोयच नव्हती. १९७२-७३च्या सुमारास ॲलन स्नायडर यांच्या आग्रहाने प्रीप्रोसेसर आला, आणि बीसीपीएल व पीएल/वन या भाषांत फाईल आत ओढून घेण्याची जी सोय होती तिचा उपयोगही तेव्हा लक्षात घेतला गेला, असं रिचींनी स्वतःच नोंदवून ठेवलंय. पहिला प्रीप्रोसेसर फाईल आत घेणं आणि एका शब्दाच्या जागी दुसरा ठेवणं एवढंच करायचा. पन्नास वर्षं उलटली तरी गाभा तोच आहे.

आमच्याकडच्या मुलांना मी हे सातबाऱ्यावरून सांगतो, कारण प्रत्येकाच्या घरात त्यावरून एकदा तरी धावपळ झालेली असते. लायब्ररी म्हणजे जमीन. ती गावात आहे, तिच्यात पीक उभं आहे, घरचे खाताहेत. हेडर म्हणजे सातबारा. त्यात माती नसते, गट नंबर, क्षेत्र, नाव आणि पिकाची नोंद असते. पीक खायला सातबारा लागत नाही, पीककर्ज काढायचं तर लागतो. तयार प्रोग्राम नुसते चालवणाऱ्याला हेडर लागत नाही, त्या लायब्ररीवर नवीन काही बांधणाऱ्याला लागतं. आणि उताऱ्याचं दफ्तर शेतात नसतं, त्याची जागा वेगळी असते. उतारा हाती नाही म्हणून जमीन गेली, असं गावात कुणी म्हणत नाही.

वसमतची एक मुलगी येते, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिचे वडील मोंढ्यात आडतीवर मुनीम आहेत. वसमतचा मोंढा म्हणजे हळदीचा. हंगामात कांडीचे आणि गट्टूचे ढीग पडलेले असतात, सौदे होतात, आणि भाव खडूने फळ्यावर लिहिला जातो. तिला त्या फळ्याच्या जागी एक जुना मॉनिटर लावून त्यावर भाव मराठीत दाखवायचा होता. रास्पबेरी पाय हा छोटा, स्वस्त कम्प्युटर घेण्याआधी आपल्या लॅपटॉपवर करून बघू, असं तिने ठरवलं. मजकूर काय, तर 'हळद कांडी', 'हळद गट्टू', समोर आकडा आणि 'प्रतिक्विंटल'. चित्र काढण्यासाठी तिने फ्रीटाइप निवडली. फॉन्टच्या फाईलमधून अक्षराचा आकार काढून त्याचे पिक्सेल करून देणारी ही लायब्ररी. १९९६मध्ये डेव्हिड टर्नर यांनी सुरू केलेली, आणि आज कुठल्याही लिनक्स डेस्कटॉपवर हटकून असणारी.

पहिल्याच ओळीवर थांबलं. एफटी२बिल्ड.एच नाही.

"सर, फाईल सापडंना गेलीय," ती म्हणाली. "पण फ्रीटाइप तर आधीपासूनच आहे की ह्याच्यात. मी बघितलं."

तिचं बघणं बरोबर होतं, आणि पुढच्या सगळ्या कामाचं मूळही त्यात होतं. तिच्या उबुंटूवर, म्हणजे लिनक्सच्या तिच्याकडच्या वितरणावर, फ्रीटाइप होतीच, ती नसती तर पडद्यावर एक अक्षरही दिसलं नसतं. पण होती ती चालवण्यापुरती. डेबियन आणि तिच्यावरून निघालेल्या उबुंटूमध्ये एका लायब्ररीचे निदान दोन पुडे, म्हणजे पॅकेजं, करतात. एकात चालवण्याची फाईल, जिच्या नावात 'डॉट एसओ' आणि पुढे आकडा असतो. दुसऱ्याचं नाव 'डेव्ह'ने संपतं. त्यात हेडर फाईली, लिंकरला, म्हणजे कोडचे तुकडे एकत्र जोडणाऱ्या प्रोग्रामला, लागणारी बिनआकड्याची एसओ फाईल आणि पीकेजी-कॉन्फिग या पत्ते सांगणाऱ्या साधनासाठी छोटी माहितीची फाईल असते. फेडोरा या दुसऱ्या वितरणात याच पुड्याला 'डेव्हेल' म्हणतात. कम्प्युटर वापरणाऱ्या बहुतेकांना आयुष्यात कधी काही कम्पाइल करायचं नसतं, त्यांच्या डिस्कवर आणि त्यांच्या डेटापॅकवर हेडरचं ओझं कशाला? मला ही वाटणी शहाणपणाची वाटते. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर अपडेट उतरवून घेणाऱ्या माणसाला तिची किंमत कळते.

मग पुडा कुठला, हे शोधायचं कसं? इथे मी मुलांना लगेच उत्तर सांगत नाही. एपीटी-फाइल नावाचं एक साधन आहे. ते आधी बसवावं लागतं आणि 'एपीटी-फाइल अपडेट' म्हणून त्याची यादी उतरवून घ्यावी लागते. ती यादी मोठी असते, तेव्हा चांगलं नेटवर्क असताना करावं. त्यानंतर 'एपीटी-फाइल सर्च' आणि पुढे हेडरचं नाव दिलं, की वितरणातल्या सगळ्या पुड्यांमध्ये ही फाईल कुणाकडे आहे ते दिसतं, तुमच्या मशिनवर ती असो वा नसो. डीपीकेजी आणि मोठा एस हेच काम करतं, पण फक्त आधीच बसवलेल्या पुड्यांपुरतं. हा फरक मुलांच्या ध्यानात राहत नाही. बसवलेलंच नाही त्याला डीपीकेजीत शोधत बसतात आणि 'कुठंच नाही' असा निकाल देऊन मोकळी होतात. तिने एपीटी-फाइल चालवलं. ओळ आली: लिबफ्रीटाइप-डेव्ह, आणि समोर पूर्ण पत्ता, /यूएसआर/इन्क्लूड/फ्रीटाइप२/एफटी२बिल्ड.एच.

तो पत्ता तिने नीट वाचला नाही. मीही मुद्दाम काही बोललो नाही. 'सुडो एपीटी इन्स्टॉल लिबफ्रीटाइप-डेव्ह' झालं, पुन्हा कम्पाइल केलं, आणि तीच एरर, अक्षरशः तीच, पुन्हा आली.

खरं म्हणजे पोरं हाय खातात ती इथे. पहिल्यांदा फाईल नव्हती, हे पटतं. आता फाईल आहे, डोळ्यांनी दिसतेय, आणि मशीन म्हणतंय नाही. अशा वेळी कुणी लिनक्स पुन्हा बसवतं, कुणी त्या एका फाईलला उचलून आपल्या फोल्डरमध्ये आणून ठेवतं. त्यानेही होत नाही, कारण एफटी२बिल्ड.एच ही जेमतेम काही ओळींची फाईल आतून आणखी हेडरं मागते, ती पुन्हा आणखी मागतात, आणि प्रत्येक वेळी नवीन नावाची तीच एरर येत राहते.

"तो कुठं कुठं बघतो ते त्यालाच विचार," मी म्हणालो. जीसीसी या तिच्या कम्पायलरला मोठा ई आणि छोटा व्ही हे दोन पर्याय देऊन रिकामी फाईल दिली, की तो आपली यादी छापून दाखवतो. 'सर्च स्टार्ट्स हिअर' म्हणतो आणि खाली एकेक जागा: जीसीसीचा स्वतःचा इन्क्लूड फोल्डर, मग /यूएसआर/लोकल/इन्क्लूड, मग मशिनच्या जातीचं नाव असलेला फोल्डर, शेवटी /यूएसआर/इन्क्लूड. या फोल्डरांच्या पोटातल्या उपफोल्डरांमध्ये तो आपणहून उतरत नाही. फाईल होती फ्रीटाइप२ या उपफोल्डरमध्ये. तिने यादीवर बोट फिरवलं, मघाचा पत्ता पुन्हा काढला, दोन्ही शेजारी ठेवले.

"म्हंजी हा दारापर्यंत जायलाय, आत जाईना गेलाय."

त्याला आत पाठवायला उणे मोठा आय आणि पुढे फोल्डरचा पत्ता द्यायचा. पण तो पत्ता हाताने लिहू नये, असं माझं ठाम मत आहे. आज इथे आहे, उद्या रास्पबेरी पायवर किंवा दुसऱ्या वितरणात वेगळा असेल. त्यासाठी पीकेजी-कॉन्फिग आहे. 'पीकेजी-कॉन्फिग सीफ्लॅग्ज फ्रीटाइप२' विचारलं की हेडर कुठे आहेत ते पर्यायांच्याच भाषेत सांगतो, आणि 'लिब्ज' विचारलं की लिंकरला काय द्यायचं ते. दोन्ही उत्तरं कम्पाइलच्या आज्ञेत उलट्या अवतरणचिन्हांतून थेट बसवता येतात. लिब्जचं उत्तर मात्र आपल्या सी फाईलच्या नावानंतर यावं, अलीकडे ठेवलं तर 'अनडिफाइन्ड रेफरन्स' म्हणून लिंकर तक्रार करतो. मुलं या तक्रारीलाही हेडरचीच एरर समजतात. पण आता हेडर मिळालेलं असतं, फंक्शनचं नाव-गाव कळलेलं असतं, प्रत्यक्ष कोड जोडायचा राहिलेला असतो. कुठल्या टप्प्यावर अडलंय हे ओळखलं की निम्मा वेळ वाचतो.

कम्पाइल झालं. पडद्यावर 'हळद' उमटलं. 'गट्टू'तले दोन ट वेगळे पडले, आणि 'प्रतिक्विंटल' तर बघवेना. पाय मोडलेला प, त्याच्यापुढे अख्खा र, पहिली वेलांटी त च्या पुढे, आणि पुढे क आणि व यांची तशीच फारकत. हे व्हायचंच होतं. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षरचिन्हाला एक आकडा देणाऱ्या पद्धतीत, 'प्रतिक्विंटल' ही १२ चिन्हांची रांग आहे, आणि त्या रांगेत वेलांटी व्यंजनानंतर येते, आपण ती उच्चारतो तशी. कागदावर ती अलीकडे लिहिली जाते. जोडाक्षर असेल तर सगळ्या जोडाक्षराच्या अलीकडे. ही उलटापालट फ्रीटाइप करत नाही, तिचं काम एका आकाराचं चित्र काढून देण्यापुरतं आहे. कुठला आकार निवडायचा आणि तो कुठे बसवायचा हे ठरवते हार्फबझ ही दुसरी लायब्ररी. इराणमध्ये जन्मलेल्या बेहदाद इस्फहबोद यांनी ती वाढवली, आणि आज फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस, अँड्रॉइड सगळीकडे तीच आहे. तुम्ही हा लेख अँड्रॉइड फोनवर वाचत असाल तर ही जोडाक्षरंही तिनेच जुळवलेली आहेत. मराठी मातृभाषा नसलेल्या कुणीतरी आपल्या वेलांट्यांची एवढी काळजी वाहिली, हे मला दर वेळी नव्याने मोठं वाटतं.

तिने हार्फबझचं एचबी.एच इन्क्लूड केलं. एरर आली. या वेळी तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. एपीटी-फाइल, मग लिबहार्फबझ-डेव्ह, मग पीकेजी-कॉन्फिगला फ्रीटाइप२च्या शेजारी हार्फबझ. चहा यायच्या आत झालं.

त्यानंतर मी तिला ती हेडर फाईल उघडायला लावली. माझ्या लेखी सगळ्या खटाटोपाचं मोल यात आहे. /यूएसआर/इन्क्लूड हे वाचण्याचं ठिकाण आहे. तिथल्या फाईली कुणी लपवलेल्या नाहीत, त्यांना पासवर्ड नाही, नेट लागत नाही, वीज गेली तरी लॅपटॉपची बॅटरी असेतो वाचता येतात. एचबी-बफर.एच मध्ये एका स्ट्रक्चरपाशी, म्हणजे अनेक घरं असलेल्या नोंदीपाशी, टीप आहे, की 'कोडपॉइंट' या एकाच घरात जुळवणीच्या आधी युनिकोडचा आकडा असतो आणि जुळवणीनंतर फॉन्टातल्या आकाराचा क्रमांक. तिच्या प्रोग्रामात पुढे जो गोंधळ झाला असता तो या एका टिपेने टळला. शेजारच्या 'क्लस्टर' या घरातून कळतं, की हा आकार मूळ मजकुराच्या कितव्या जागेवरून आला. त्याच फाईलमध्ये तिला बफरची, म्हणजे जुळवायचा मजकूर ठेवण्याच्या जागेची, भाषा ठरवून देण्याचं फंक्शनही दिसलं. तिथे मराठीचं 'एमआर' दिलं की ज्या फॉन्टात ल आणि श यांची मराठी वळणं वेगळी ठेवलेली असतात त्यात तीच उमटतात, हिंदीची नाही. मोंढ्यातल्या माणसाला फळ्यावर जो ल बघायची सवय आहे तोच ल पडद्यावर यावा, हे तिला माझ्याही आधी सुचलं.

सगळीच न सापडणारी हेडरं अशी पुड्यात मिळत नाहीत, हेही सांगायला हवं. आमच्याकडे अजून पुष्कळ प्रयोगशाळांत टर्बो सी या डॉसच्या काळातल्या जुन्या कम्पायलरची निळी खिडकी आहे. मुलांचे हात कोनिओ.एच आणि ग्राफिक्स.एच लिहायला सरावलेले असतात. लिनक्सवर आल्यावर पहिली एरर त्यांचीच येते, आणि मुलं 'कोनिओ डाउनलोड' शोधत बसतात. १९८९च्या प्रमाणित सीमध्ये १५ हेडरं आहेत, त्यांत कोनिओ नाही. ते डॉसच्या काळातल्या कम्पायलरांबरोबर यायचं, आणि ग्राफिक्स.एच बोर्लंडचं. लिनक्सवर पडदा पुसण्यासाठी किंवा एन्टरविना कळ वाचण्यासाठी एनकर्सेस ही लायब्ररी वापरावी, लिबएनकर्सेस-डेव्ह बसवावी. तिच्यातही गेटसीएच आहे, फक्त आधी इनिटएससीआर बोलवावं लागतं. म्हणजे हेडर मिळत नाही तेव्हा आधी एवढं बघायचं, की ते या भूमीचं आहे का. हे सांगायला शिक्षकाला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं न मिळाल्याने सी सोडून दिलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत, आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

दुसरी एक गोष्ट मी कडक शब्दांत सांगतो. कुठल्यातरी साइटवरून एकटंदुकटं हेडर उतरवून /यूएसआर/इन्क्लूडमध्ये टाकू नये. हेडर एका आवृत्तीचं आणि लायब्ररी दुसऱ्या आवृत्तीची, असं झालं तर कम्पायलर गप्प बसतो, कारण त्याला दोन्हींचा मेळ तपासता येत नाही. स्ट्रक्चरमध्ये मधेच एखादं घर वाढलेलं असेल, तर प्रोग्राम चालताना भलत्याच जागची मेमरी वाचतो आणि कोसळतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे कोसळत नाही, चुकीचा आकडा दाखवतो. भावाच्या फळ्यावर चुकीचा आकडा म्हणजे काय, हे मुनिमाच्या मुलीला वेगळं सांगावं लागलं नाही.

ज्यांच्या प्रयोगशाळेत नेट नाही त्यांच्यासाठी एक सोय आहे. तीच उबुंटू, तीच आवृत्ती असलेल्या नेटवाल्या मशिनवर 'एपीटी-गेट इन्स्टॉल'ला 'डाउनलोड ओन्ली' हा पर्याय दिला, की पुडे न बसवता फक्त उतरतात आणि /व्हार/कॅश/एपीटी/आर्काइव्ह्जमध्ये राहतात. तिथून पेनड्राइव्हवर घ्यायचे. लिबफ्रीटाइप-डेव्ह एकटा येत नाही, झेडलिबचा आणि पीएनजीचा डेव्ह पुडाही सोबत मागतो, म्हणून फोल्डर सगळा न्यावा. पायथॉनवाल्यांची पायथॉन.एच ची एररही याच जातीची आहे. पायथॉन३-डेव्ह बसवायचा, आणि फाईलच्या नावातला पी मोठा असतो हे विसरायचं नाही, लिनक्सला लहान-मोठं अक्षर वेगळं दिसतं.

वसमतच्या मोंढ्यात मॉनिटर अजून लागलेला नाही. वडिलांनी लॅपटॉपवर बघितलं आणि आकडे ढिगाच्या पलीकडून दिसले पाहिजेत असं सांगितलं, त्यामुळे सध्या ती अक्षरांची मापं बदलते आहे. फ्रीटाइप, आणि तिच्या फॉन्टशी जोडलेली हार्फबझ, एका पिक्सेलचे ६४ भाग धरून अंतरं देतात, तिथे भागाकार करायचा राहिला तर अक्षरं पडद्याबाहेर जातात, एवढं फोनवर बोलणं झालं. सी फाईलच्या अगदी वर तिने मराठीत लिहून ठेवलंय: हा प्रोग्राम बांधायला कुठले दोन डेव्ह पुडे लागतात, फेडोरात त्यांची नावं काय, आणि पीकेजी-कॉन्फिगची पूर्ण आज्ञा. तिच्या कॉलेजातल्या मशिनींवर फेडोरा आहे, आणि पुढच्या आठवड्यात तिच्या दोन मैत्रिणी तिथं हाच प्रोग्राम सोयाबीनच्या भावासाठी बांधणार आहेत.